अमेरिकेचा इंडिकेटर, पलूसचा ऊस

आमच्या शेजारचे सुभेदार नाथाजी निकम यांनी लडाखमध्ये कड्याच्या टोकावरून लष्कराचे ट्रक मागे घेऊन दाखवले होते, असं ते स्वतः सांगतात. त्यामुळे साताऱ्यात गोडोलीतल्या आमच्या कॉलनीत कुणाचीही गाडी मागे येऊ लागली की ते बनियनवर बाहेर येतात आणि दोन्ही हात हलवत "आने दो, आने दो" सुरू करतात. त्या दिवशी त्यांनी मला असंच बोलावलं. मी मागे येत गेलो, ते बोलावत राहिले. मग काच फुटल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर सुभेदार म्हणाले, "बस."

उतरून पाहिलं तर गाडीचा मागचा डावा दिवा सुभेदारांच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर फुटला होता. कठड्याला काही झालेलं नव्हतं. सुभेदारांनी ते आधी तपासून घेतलं होतं.

आता एक दिवा फुटणं ही काही कथा सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. पण मी राजरत्न बनसोडे, विमा कंपनीच्या मोटार विभागात आहे. पंचवीस वर्षं मी चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघत आलो आहे. मागून धडक, पुढून धडक, उभ्या ट्रॉलीला धडक, बसलेल्या म्हशीला धडक. गाडी कशी चालवावी हे मला जितकं ठाऊक आहे तितकं चालवणाऱ्यांना नसतं, असं माझं मत आहे. माझी पत्नी माया हिला हे मत मान्य नाही. पण ती शाळेत गणित शिकवते, तिला कुठल्याही गोष्टीचा ताळा लागतो.

दिवा बदलायला मी पोवई नाक्याजवळच्या पृथ्वीराजच्या दुकानात गेलो. त्याच्याकडे गाडीला लावण्याच्या सगळ्या वस्तू मिळतात, फक्त ज्या हव्या असतात त्या मिळत नाहीत. माझ्या गाडीचं मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं होतं. त्यानं सांगलीला फोन केला, कोल्हापूरला केला आणि शेवटी म्हणाला की आता एकच मार्ग उरलाय, अशीच एखादी ठोकलेली गाडी शोधायची आणि तिचा दिवा काढायचा. ठोकलेल्या गाड्या रोज माझ्या टेबलावरून जातात हे मी त्याला सांगितलं नाही. माणसानं मोहापासून अंतर ठेवावं.

कॉलनीतून सल्ले येऊ लागले. सुभेदार म्हणाले, लाल कागद लावा, सैन्यात असंच करतात. समोरच्या वहिनींचं म्हणणं पडलं की उजवाही काढून टाकावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. सौंदर्याच्या दृष्टीनं ते बरोबर होतं.

एवढ्यात अमेरिकेहून सुगतचा फोन आला. सुगत म्हणजे मायाचा धाकटा भाऊ, ओहायो नावाच्या राज्यात असतो. तो वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी महिनाभर येणार होता. माझं दुःख ऐकून तो म्हणाला, "दाजी, हीच गाडी इकडंबी विकली जाते. मी जोडी घेऊन येतो. इकडचे दिवे लय भारी असतात."

इथं माझ्या सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. धोंडीबा लोखंडे, राहणार पलूसजवळची वस्ती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी कधीचं ऑपरेशन सांगितलं होतं, पण सासरे दर वेळी काहीतरी कारण काढायचे. कधी भांगलण, कधी वैरण, कधी नुसतीच इच्छा नाही. मध्यंतरी ते विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला तलाठी समजून बराच वेळ उताऱ्याबद्दल बोलत उभे होते आणि तलाठी उत्तर देत नाही म्हणून चिडून घरी आले. तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे बायडाबाईंनी, निकाल लावला. सासऱ्यांनी एकच अट घातली. जायचं तर जावयाच्या गाडीतून. सुगतच्या हातात गाडी द्यायची नाही, कारण मागल्या सुट्टीत तो तिकडच्या सवयीनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं आष्ट्यापर्यंत गेला होता.

सासऱ्यांनी माझ्यावर टाकलेला हा विश्वास माझ्या मनात फार खोल गेला. गाडी निर्दोष असली पाहिजे, असं मी ठरवलं.

सुगत आला, दिवे आले. खरोखर देखणे होते. आमच्या जुन्या दिव्यात लाल, पांढरा आणि नारिंगी असे तीन तुकडे होते, शाळेतल्या तक्त्यासारखे. हे नखशिखांत लाल. मी विचारलं, इंडिकेटर कुठाय? सुगत म्हणाला की अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असला तरी चालतो. ब्रेक आणि इंडिकेटर एकाच काचेत. दाबला की ब्रेक, लुकलुकला की वळण. युरोपात मात्र नारिंगीच लागतो, शिवाय तिथं धुक्यासाठी मागे वेगळा लाल दिवा असतो. फ्रान्समध्ये एके काळी पुढचे दिवे पिवळे असायचे. काही देशांत भर दुपारी दिवे लावून फिरावं लागतं. मी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात ऑफिसमध्ये स्वतःच्या अभ्यासातून आल्यासारखं सांगितलं.

पृथ्वीराजनं दिवे बसवले. तारांचे रंग जुळेनात, तेव्हा त्यानं अंदाजानं जोडल्या. पहिले दोन दिवस ब्रेक दाबला की मागे येताना वाजणारी पिपाणी वाजायची. लोक बाजूला व्हायचे आणि मी पुढं जायचो. ते दुरुस्त झालं आणि मी अमेरिकन दिव्यांसह साताऱ्याच्या रस्त्यावर उतरलो.

पहिल्याच चौकात मी उजवा इंडिकेटर दिला. मागच्या रिक्षावाल्यानं जवळ येऊन प्रेमानं सांगितलं की साहेब, तुमच्या ब्रेकच्या दिव्याचं कनेक्शन लूज आहे. मी त्याला अमेरिकेचा नियम समजावला. पुढच्या चौकात दुचाकीवरच्या एका गृहस्थानं तेच सांगितलं, त्यांनाही समजावला. राजवाड्यापर्यंत पोचेपर्यंत मी इतक्या लोकांना अमेरिका समजावली की घसा बसला. माया शेजारी बसून वह्या तपासत होती. ती एवढंच म्हणाली की जो इशारा प्रत्येकाला तोंडी समजावून सांगावा लागतो, त्याला इशारा म्हणत नाहीत.

मग एका हवालदारानं अडवलं आणि परिवहन कार्यालयात जायला सांगितलं. मी सुगतकडून अमेरिकेचा नियम इंग्रजीत छापून घेतला आणि ताठ मानेनं गेलो. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी कागद पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अमेरिकेत चालत असेल, तर अमेरिकेत चालवा."

इथं मागचा इंडिकेटर नारिंगीच हवा, एवढं सांगून त्यांनी आठवड्याची मुदत दिली. विमा कंपनीतल्या माणसाला, ज्यानं आयुष्यभर लोकांचे दावे 'गाडीत अनधिकृत बदल' या कारणावरून फेटाळले, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. पण मिरजेची तारीख दोन दिवसांवर होती. सासऱ्यांना पोचवून आलो की बदलू, असं मी ठरवलं. नियम मोडणं वेगळं आणि नियम पाळायला थोडा वेळ घेणं वेगळं.

ठरल्या दिवशी भल्या सकाळी माया आणि मी साताऱ्याहून निघालो. पलूसला जाऊन सासऱ्यांना आणि तिथंच असलेल्या सुगतला घ्यायचं आणि दुपारच्या आत मिरजेला पोचायचं. कराडपर्यंत सगळं छान होतं. ताकारी मागे पडलं आणि कृष्णाकाठचं धुकं समोर आलं. जानेवारीतलं ते धुकं म्हणजे कुणीतरी काचेवर ताक ओतावं तसं. साखर कारखान्यांचा हंगाम भरात होता, त्यामुळे धुक्यात पुढेमागे उसाच्या ट्रॉल्या होत्या. त्यांना मागे दिवा नसतोच. फार तर एक लाल फडकं असतं, तेही उजेडात दिसतं.

माया म्हणाली, बाजूला थांबू या. मी म्हणालो, घाबरू नकोस, चारी इंडिकेटर एकदम लावतो.

या चार दिव्यांबद्दल माझा अभ्यास असा आहे. सुगत सांगतो की अमेरिकेत राज्याराज्यात नियम वेगळा. एका राज्यात चालत्या गाडीला चारी लावणं गुन्हा, शेजारच्या राज्यात चालतं. आपल्याकडे असा फरक तालुक्यागणिक आहे. साताऱ्यात चारी लावले म्हणजे 'मी चौकातून सरळ जाणार'. कराडात म्हणजे 'मी इथं मध्येच थांबून भजी घेतोय'. पुढच्या दिव्याची उघडझाप केली तर सातारकर समजतो 'थांब, मी येतोय' आणि सांगलीकर समजतो 'ये, मी थांबतोय'. दोघं जिल्ह्याच्या हद्दीवर समोरासमोर आले की ते प्रकरण माझ्या टेबलावर येतं.

तर मी चारी लावले आणि बैलगाडीच्या वेगानं निघालो. मागे माझे दोन्ही अमेरिकन दिवे लालभडक लुकलुकत होते. थोड्या वेळानं मागून ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा आवाज येऊ लागला. आरशात बघितलं. एक ट्रॅक्टर शिस्तीत अंतर ठेवून येत होता. त्याच्या मागे आणखी एकाचे दिवे दिसत होते. कुणी हॉर्न मारत नव्हतं, कुणी पुढे घुसत नव्हतं. मी मायाला म्हणालो, "बघ. चांगला दिवा असला की लोक आपोआप शिस्तीत येतात."

माया मागे वळून बघत होती.

सासऱ्यांच्या वस्तीकडे जाणारी वाट मुख्य रस्त्यापासून डावीकडे वळते. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मधून एक गाडी जाईल एवढीच वाट आणि शेवटी सासऱ्यांचं अंगण. मी वळलो. चारी दिवे चालू असताना वळणाचा इशारा वेगळा दिसत नाही, हे मला माहीत होतं, पण धुक्यात विसरलो. अंगणात गाडी लावली, उतरलो, अंगाला आळोखेपिळोखे देतोय तोवर पहिला ट्रॅक्टर मागोमाग अंगणात शिरला. त्याचं नाक माझ्या गाडीच्या डिकीला टेकायचं तेवढं राहिलं. त्याच्या दोन ट्रॉल्या उसानं शिगोशीग भरलेल्या. त्याच्या मागे वाटेत दुसरा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. त्याच्या मागे तिसरा आणि चौथा.

पहिल्या ट्रॅक्टरवरून कानटोपी घातलेला एक माणूस खाली उतरला. त्यानं सासऱ्यांच्या अंगणाकडे, गोठ्याकडे, वाळत घातलेल्या सासूबाईंच्या लुगड्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "सायेब, काटा कुठं हाय?"

काटा म्हणजे कारखान्यावर उसाचं वजन करतात तो. हा चालक बिरदेव, जतकडचा, त्या भागात नवीन. पुढच्या मोरीचं काम चालू असल्यानं कारखान्यानं रस्ता बदलला होता आणि सगळ्या नव्या चालकांना सांगितलं होतं की पुढं लाल दिवे लुकलुकणारी शेतकी विभागाची गाडी असेल, तिच्या मागं मागं या. धुक्यात ती गाडी कुठल्या कुठं गेली आणि मधे मी घुसलो.

मी बिरदेवला समजावू लागलो की हा अमेरिकेचा इंडिकेटर आहे. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "आसंल. पण आता मागं कसं जायाचं?"

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागे घेता येत नाही. पुढची ट्रॉली एकीकडे वळते, मागची दुसरीकडे, आणि सगळं आडवं होऊन बसतं. भरलेल्या ट्रॉल्या सोडून ठेवायच्या म्हटलं तर पुन्हा जोडायला त्या अरुंद वाटेत जागा नव्हती. सुगतनं मोबाईलवर नकाशा उघडला आणि ओहायोत अशा वेळी कोणती यंत्रणा येते ते सांगितलं. सासूबाईंनी चुलीवर मोठं पातेलं ठेवलं आणि चार चालक, दोन मदतनीस आणि घरची माणसं एवढ्यांचा चहा मांडला. त्यांच्या मते कुठल्याही संकटात आधी माणसं मोजावीत.

तोवर वस्तीवर बातमी गेली होती की लोखंड्यांच्या जावयानं कारखान्याचा ऊस पळवून आणला. लोक बघायला येऊ लागले. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं की एवढ्या उसाचं गुऱ्हाळ टाकणार का. शेतकी विभागाचा माणूस मोटारसायकलवरून वाटेच्या तोंडाशी पोचला आणि उसाच्या सरीतून चिखल तुडवत आत आला. कुणाच्या परवानगीनं तुम्ही लाल दिवे लावून आमच्या गाड्या घेऊन गेलात, असं त्यानं चार माणसांत विचारलं. पंचवीस वर्षं मी लोकांना असेच प्रश्न विचारत आलो होतो. उत्तर देताना आवाज इतका बारीक होतो हे मला माहीत नव्हतं.

एकटे सासरे प्रसन्न होते. मिरजेला जायचं म्हणून त्यांना नवं धोतर नेसवून, टोपी घालून खाटेवर बसवलं होतं. सगळा प्रकार कानांनी समजून घेतल्यावर त्यांनी टोपी काढली, उशाशी ठेवली आणि म्हणाले, "आज काय जायाचं जमत न्हाई मग."

मायाच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या लक्षात आलं की आज गेलो नाही तर ते पुन्हा कधीच जाणार नाहीत. सुगतची सुट्टी संपायला आली होती. डॉक्टर म्हणाले होते, फार लांबवलंत तर मग माझ्या हातात राहणार नाही. माझ्या दोन दिव्यांनी सासऱ्यांची नजर घालवली, असं आयुष्यभर ऐकायची वेळ येणार होती. मी स्वतःला सावरलं आणि परिस्थितीची पाहणी केली.

मागे जाता येत नव्हतं, तर पुढे जायचं. सासऱ्यांच्या अंगणापलीकडे भाऊसो गडदे यांचं रान होतं. ऊस तुटून गेलेला, मोकळं, टणक रान, आणि त्याच्या पलीकडे सरळ कालव्याचा रस्ता. मधे फक्त एक बांध आणि बांधावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण. ते कुंपण भाऊसोनं घातलं होतं. बांध कुणी कोरला यावरून दोघं म्हातारे कित्येक वर्षं बोलत नव्हते. त्याआधी म्हणे दोघं एका ताटात जेवायचे.

मी बांधाजवळ गेलो. पलीकडे भाऊसो तात्या घोंगडं पांघरून उभेच होते, सगळी गंमत बघत. मी त्यांना जय भीम घातला, माझी ओळख दिली आणि दोन्ही पक्षांच्या हिताचा प्रस्ताव मांडला. बोलताना मी 'नुकसानीची जबाबदारी' असा शब्दही वापरला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले की धोंडीबानं स्वतः येऊन सांगावं.

मी सासऱ्यांकडे आलो. सासरे म्हणाले, मला दिसत नाही, मी कुठं येऊ. मी बांधाकडे जाऊन ते सांगितलं. भाऊसो म्हणाले, दिसत नाही तर दवाखान्यात का जात नाही, विचारा. मी विचारलं. सासरे म्हणाले, रस्ता नाही. भाऊसो म्हणाले, रस्ता का नाही ते विचारा. सासरे म्हणाले, कुंपण कुणी घातलं ते त्याला विचारा. खाट आणि बांध यांत पन्नास पावलांचं अंतर होतं आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. तरी प्रत्येक वाक्य मी पायांनी पोचवत होतो. चालक चहा पीत उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते.

शेवटी मी दमलो आणि सासऱ्यांच्या खाटेवर टेकलो. ते माझ्याकडे वळले. माझ्याकडे म्हणजे माझ्या आवाजाकडे. हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, खरं सांगू का? आता निदान उजेड-अंधार कळतोय. म्हस कुठली, बायडा कुठली, एवढं कळतंय. त्येंनी डोळा कापला आन् तेबी गेलं तर?"

इतकी वर्षं भांगलण आणि वैरण सांगणारा माणूस पहिल्यांदाच खरं बोलला होता. विम्याचं सगळं काम 'तर' या शब्दावरच चालतं, पण त्याला आमच्याकडे पैशाशिवाय दुसरं उत्तर नसतं. माया बाजूला उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

तेव्हा बांधाकडून आवाज आला. मधे मी नव्हतो. आवाज सरळ सासऱ्यांकडे आला.

"माजं दोन्ही डोळं झाल्यात की रं. मिरजंलाच. काय होत न्हाई, धोंडीबा."

सासऱ्यांनी मान तिकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "कवा झालं?"

"परवाच्या दसऱ्याला."

"दुखतंय?"

"न्हाई. नुसतं गार लागतंय."

सासऱ्यांनी उशाशी चाचपून टोपी शोधली. तोवर भाऊसोनं घोंगडं खाली टाकून काटे ओढायला सुरुवात केली होती. बिरदेव आणि बाकीचे चालक पळत गेले. बाभळीच्या काटेरी फांद्या बाजूला झाल्या, बांधाची कड कुदळीनं थोडी उतरवली. ज्या मातीवरून एवढं भांडण झालं होतं ती दोघांच्याही रानात सारखीच पसरली.

आता पुढं कोण जाणार? रानातून कालव्यापर्यंत धुकं अजून होतंच. शेतकी विभागाच्या माणसाची मोटारसायकल वाटेच्या तोंडाशी अडकली होती. बिरदेव माझ्याकडे बघत म्हणाला, "सायेब, तुमीच व्हा म्होरं. आता तरी नीट न्या."

ही जबाबदारी मी स्वीकारली. पुढं माझ्या शेजारी सासरे बसले. मागं माया आणि सुगत, आणि न विचारता दार उघडून भाऊसो तात्या. ते म्हणाले की दवाखान्यात कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं ते यांना काय माहीत. सासूबाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या, कारण म्हैस आणि चहाची भांडी मागं होती.

मी चारी दिवे लावले आणि तुटलेल्या उसाच्या खुंटांमधून निघालो. मागे चार ट्रॅक्टर, आठ ट्रॉल्या, गाणी चालू. मी आजवर कुठल्या मिरवणुकीच्या पुढं बसलेलो नाही, पण बसणाऱ्यांना काय वाटत असेल ते मला त्या दिवशी कळलं. कालव्याचा रस्ता लागला. तिथं कारखान्याची खरी जीप उभीच होती, कुणीतरी फोन केला असावा. तिचे दिवे माझ्यापेक्षा फिके होते. ट्रॅक्टर एकेक करून तिच्या मागं वळले. मी चारी दिवे बंद करून मिरजेच्या बाजूला वळलो, तर शेवटचा ट्रॅक्टर माझ्याच मागं येऊ लागला. मग मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवून त्याला दुसरीकडे जायला सांगितलं. तो लगेच वळला. हा इशारा अमेरिकेत, साताऱ्यात आणि पलूसला सारखाच कळतो.

मिरजेत पोचलो तेव्हा आमची वेळ उलटून गेली होती. डॉक्टरांनी कारण विचारलं. मी उसाचं सांगितलं. हंगामात त्यांना हे कारण नवीन नसावं, त्यांनी शेवटचा नंबर दिला. एक डोळा त्याच दिवशी होणार होता. सासऱ्यांना आत नेताना त्यांनी मायाचा हात सोडला, पण भाऊसोचं मनगट दारापर्यंत धरून ठेवलं होतं.

ते आत असताना बाहेर बसून राहणं मला जमेना. मी जवळच्या एका गॅरेजात गेलो आणि ट्रॅक्टरला लावतात तसले दोन गोल नारिंगी इंडिकेटर मागच्या बंपरखाली लावून घेतले. अमेरिकन काचेत आता फक्त ब्रेक राहिला. गाडी कानात डूल घातल्यासारखी दिसू लागली. सुगतला ते मुळीच आवडलं नाही. त्यानं फोटोही काढला नाही. परत येताना मी वळलो तर मागचा दुचाकीवाला नुसता बाजूनं निघून गेला, काही सांगायला थांबला नाही. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. सगळे खाटेभोवती उभे होते. सासूबाई पहिल्या गाडीनं येऊन पोचल्या होत्या. सासऱ्यांनी उघडलेला डोळा हळूहळू फिरवला. आधी खिडकीकडे, मग सासूबाईंकडे. त्यांच्याकडे बराच वेळ बघून म्हणाले की हे लुगडं हिरवं आहे होय, मी निळं समजत होतो. मायाला जवळ बोलावलं, सुगतच्या गालाला हात लावला. मग नजर माझ्यावर आली. मी ताठ उभा राहिलो.

"जावईबापू," त्यांनी विचारलं, "केस कवा गेलं सगळं?"

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती माया. मी ते मनाला लावून घेतलं नाही. नजर नीट आल्याचा तो पुरावा होता, आणि मायाला पुरावा लागतो.

भाऊसो तात्या दाराशीच उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात. सासऱ्यांची नजर तिथं जाऊन थांबली. त्यांनी डोळा बारीक केला, पुन्हा मोठा केला. कित्येक वर्षांत त्यांनी त्या माणसाकडे बघितलंच नव्हतं, आधी रागानं आणि मग मोतीबिंदूनं.

"लय म्हातारा झालास रं, भाऊसो."

"रोज बांधावर हुबा राहून दावत हुतो की तुला," भाऊसो म्हणाले. "तूच बघत न्हवतास."

सासऱ्यांनी खाटेवर पाय आखडून घेतले आणि पायथ्याशी बसायला जागा केली.